विजेरी का पेटत नाही? उपनगरांतल्या अंधाराचा छोटा इतिहास (थ्रेड)

१/ २६ जुलै २००५. सांताक्रूझ वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. कुर्ला, कालिन्यासह उपनगरांचे सखल भाग पाण्याखाली गेले आणि अनेक वस्त्यांची वीज गेली. अशा रात्री कपाटातल्या विजेरीइतकी मोलाची वस्तू घरात दुसरी नसते. मात्र महिनोन्‌महिने पडून राहिलेली विजेरी नेमकी तेव्हाच दगा देते. त्याचे कारण तिच्या जन्मकथेतच आहे.

२/ १८६६ मध्ये फ्रान्सच्या लेक्लांशेने बनवलेला सेल द्रवाने भरलेला होता. १८८६ मध्ये जर्मनीच्या कार्ल गासनरने त्यात ओलसर लगदा भरला आणि जस्ताच्या डबीलाच ऋण ध्रुव केले. सेल आता आडवा धरता येऊ लागला. १८९९ मध्ये अमेरिकेत डेव्हिड मिसेलला नळीसारख्या हातदिव्याचे पेटंट मिळाले. आरंभीचे सेल इतके दुबळे होते की दिवा क्षणभरच चमके. इंग्रजीतले ‘फ्लॅशलाइट’ हे नाव त्यावरूनच पडले. ग्रंथांतली मराठी तिला ‘विजेरी’ म्हणते, घरातली मराठी ‘बॅटरी’.

३/ पहिला दोष सेलचा. वीज देताना जस्त झिजते आणि ती डबी म्हणजेच सेलची भिंत. भिंतीला छिद्र पडले की लगदा पाझरतो, स्प्रिंगवर पांढरा-हिरवा थर साचतो आणि वीजप्रवाह अडतो. उपाय सोपा: सेल काढावेत, थर कोरड्या फडक्याने पुसावा, धातू चमकेपर्यंत पॉलिश पेपरने घासावा. नवे सेल घालताना दोन्ही एकदमच बदलावेत. जुन्या-नव्याची जोडी केली की जुना आधी पाझरतो.

४/ तरीही अंधारच? मग स्विच बाजूला ठेवून तपासावे. दोन सेल एकावर एक ठेवावेत, बल्बचे टोक वरच्या सेलच्या टोपीला टेकवावे आणि बल्बच्या अंगापासून खालच्या सेलच्या बुडापर्यंत तार लावावी. बल्ब पेटला तर दोष स्विचच्या पितळी पट्टीत किंवा झाकणाच्या आट्यांत आहे. धातूच्या विजेरीत प्रवाह अंगातूनच वाहतो. आट्यांतला गंजही त्याला पुरतो. नव्या सेलवरही बल्ब पेटला नाही, तर आतली तार तुटली असे समजावे.

५/ हे सेल बनवत कोण? भारतात १९३४ मध्ये एव्हरेडी कंपनी स्थापन झाली. पुढे तिचे नाव युनियन कार्बाइड इंडिया झाले. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये हजारोंचा जीव घेणारा वायू ज्या कारखान्यातून सुटला, तो याच कंपनीचा. १९९४ मध्ये अमेरिकी मालकाने आपला हिस्सा विकला आणि १९९५ पासून ती एव्हरेडी इंडस्ट्रीज झाली. कपाटातल्या लाल सेलच्या मागे हाही इतिहास आहे.

६/ १९९३ मध्ये जपानच्या शुजी नाकामुरांनी तेजस्वी निळा एलईडी साकारला. त्यातूनच पांढरा एलईडी आला. २०१४ मध्ये अकासाकी आणि आमानो यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. तुटणारी तार गेली, पण सोयही गेली. एलईडी पट्टीवर झाळलेला असतो. स्वस्त चार्जिंगच्या विजेरीतली शिसे-आम्लाची बॅटरी चार्ज न करता महिनोन्‌महिने ठेवली की कायमची निकामी होते. पूर्वी घरच्या हातांनी निघणारा दोष आता बंद डब्यात गेला.

७/ बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाची वेस, आरेचे पाडे, मुलुंडचा डोंगरउतार इथे आजही रात्री बिबट्या फिरतो. २००४ मध्ये या परिसराने बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गमावली. अंधारात एकट्याने जाऊ नये, हाती उजेड असावा, हा सल्ला तिथे वारंवार दिला जातो. म्हणून पावसाळ्याआधी, मे महिन्यातच विजेरी एकदा उघडून पाहावी. वापर नसेल तर सेल काढून ठेवावेत. चार्जिंगची असेल तर महिन्यातून एकदा चार्ज करावी.

(थ्रेड समाप्त)