मीठपाणी आणि वीज

स्पंजचे दोन चौकोन मी मिठाच्या पाण्यात बुडवते, पिळते. एक काकांच्या डाव्या कानशिलाच्या वर, दुसरा उजव्या भुवईवर. मग पट्टा बांधते. पक्षाघातात काकांची वाचा गेली. छत्रीचं चित्र दाखवलं की म्हणतात, "ती... पावसाची..." यंत्र दोन मिलिअँपिअर वीज सोडतं आणि आम्ही दोघं त्या शब्दाच्या मागे लागतो. वाचोपचाराच्या माझ्या खोलीत रोज हेच चालतं.

पण हे मीठपाणी फार जुनं आहे. इसवी सन 47च्या सुमारास रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीवर समुद्रातला जिवंत वीजमासा डोक्याला लावायला सांगत असे. 1800 साली व्होल्टानं जस्ताच्या आणि चांदीच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे रचले आणि वीज पहिल्यांदा अखंड वाहू लागली. पुढच्याच वर्षी बोलोन्यात जोव्हान्नी आल्दिनीनं विषण्णतेनं खचलेल्या 27 वर्षांच्या शेतकऱ्याच्या डोक्याला ती लावली. स्वतःच्या डोक्यालाही लावून पाहिली, तेव्हा कित्येक दिवस त्याचा डोळा लागला नाही.

वीज हाती आली होती, पण ती नेमकी कुठे लावायची? वाचेपुरतं त्याचं उत्तर 1861 साली पॅरिसमध्ये सापडू लागलं. पॉल ब्रोकांच्या एका रुग्णाला 'टां' एवढंच बोलता येई. तो गेल्यावर त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा आढळली. माझा स्पंज तिथेच बसतो, तो त्या माणसामुळे.

1985 साली शेफील्डमध्ये अँथनी बार्कर यांनी चुंबकाच्या साहाय्यानं, कवटीला धक्का न लावता मेंदू जागवला. 2000 साली ग्योटिंगेनमध्ये नित्शे आणि पाउलुस यांनी दाखवलं, की एक मिलिअँपिअर वीज बंद केल्यावरही तिचा परिणाम काही मिनिटं टिकतो.

ती मिनिटं मला मोलाची वाटतात. स्मृती, लक्ष, भाषा यांबाबतचे निष्कर्ष अजून एकमुखी नाहीत, म्हणून मी कुणाला खात्री देत नाही. वीज जमीन भुसभुशीत करते, पेरणी सरावानंच करावी लागते, अशी माझी श्रद्धा आहे.

सत्र संपल्यावर काकांच्या कपाळावर उरलेली मिठाची पांढरी कड मी ओल्या फडक्यानं पुसते. सूनबाईंना सांगते, "आज भाजी निवडताना प्रत्येक भाजीचं नाव काकांकडूनच वदवून घ्या. वेळ लागू दे. तुम्ही आधी सांगू नका."