उरणच्या भट्ट्या आणि जपानची साके

उरण म्हटले की आज बंदर आणि कंटेनरच्या रांगा आठवतात. एकोणिसाव्या शतकात उरण पनवेल तालुक्यात मोडत असे आणि ओळखले जाई ते मोहाच्या दारूसाठी. मुंबईला लागणाऱ्या देशी दारूचा मोठा वाटा इथल्या, बहुतांशी पारशी मालकांच्या, भट्ट्यांतून जाई. पंचमहालासारख्या भागांतून सुकलेली मोहफुले येत. ती भिजवून आंबवायची आणि भट्टीवर चढवायची. पहिल्या धारेची रासी, पुन्हा गाळलेली ती बेवडा.

1878 मध्ये मुंबई इलाख्यात आबकारी कायदा आला. उत्पादन सरकारी देखरेखीखालच्या मोजक्या भट्ट्यांत एकवटले, परवाने महागले आणि आदिवासींची घरची दारू गुन्ह्यात जमा झाली. चोरटी दारू थांबेना, म्हणून 1892 चा मोह कायदा झाला. ठाणे-कुलाब्यात मोहफुले बाळगण्यावरच बंधने आली. पावसाळ्याच्या टंचाईत हीच फुले रानातल्या माणसांचे अन्नही होती. कायद्याचा भर मात्र परवाना, तीव्रता आणि कर यांवरच राहिला.

त्याच काळात जपानचे सरकारही दारूच्या करावर डोळा ठेवून होते. 1899 मध्ये तिथेही घरगुती साकेवर बंदी आली. त्या सुमारास राष्ट्रीय करउत्पन्नाचा सुमारे एक तृतीयांश भाग दारूतून येई. पण साके नासली की करही बुडे. म्हणून 1904 मध्ये अर्थखात्यानेच टोकियोत मद्यनिर्मिती संशोधन संस्था काढली. इथून दोन वाटा वेगळ्या झाल्या.

साके मुळात अवघड. मोहफुलात साखर आयतीच असते, तांदळात असतो तो स्टार्च. आधी तांदूळ घासायचा. उंची ‘गिंजो’साठी दाण्याचा 60 टक्के किंवा त्याहून कमी भाग उरतो, ‘दाइगिंजो’साठी 50 टक्के किंवा त्याहून कमी. बाहेरच्या थरातली प्रथिने आणि स्निग्धांश गेले की चव स्वच्छ येते. मग भिजवून वाफवलेल्या तांदळाच्या काही भागावर ‘कोजी’ बुरशीचे बीज पेरून उबदार खोलीत सुमारे दोन दिवस ठेवतात. कोजी स्टार्चची साखर करते आणि यीस्ट त्याच पिंपात साखरेचे मद्य करते. भात, कोजी आणि पाणी सहसा तीन हप्त्यांत घालतात, म्हणजे यीस्ट दबत नाही. गिंजो थंडाव्यात, महिनाभर किंवा जास्तही, सावकाश आंबते. शेवटी गाळतात, साके ऊर्ध्वपातित नसते.

संशोधन संस्थेने यात शास्त्र आणले. 1910 च्या सुमारास लॅक्टिक आम्ल वापरून विरजण लवकर आणि खात्रीने तयार करण्याची रीत तिने दिली. 1906 पासून निवडक यीस्ट कारखान्यांना पुरवले जाऊ लागले. 1911 मध्ये नव्या साकेची राष्ट्रीय पारख-स्पर्धा सुरू झाली. तिच्या चुरशीतूनच गिंजो घडली. संस्था 1995 मध्ये हिगाशी-हिरोशिमाला गेली. डिसेंबर 2024 मध्ये कोजीपासून मद्य करण्याची पारंपरिक विद्या युनेस्कोच्या वारसा यादीत गेली.

आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा झाला. संसार उद्ध्वस्त होताना पाहिलेल्यांची ती मागणी होती, तिला तुच्छ लेखता येणार नाही. 1973 मध्ये देशी दारू परवान्याने परत आली, पण ती मुख्यतः साखर कारखान्यांच्या मळीची. मोह हातभट्टीतच राहिला. 2021 मध्ये महाराष्ट्राने मोहफुलांवरचे निर्बंध सैल केले. शेजारी मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ मान दिला आणि गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले होते.

कर दोन्ही सरकारांनी घेतला. जपानने त्यातला थोडा प्रयोगशाळेत परत घातला, मुंबई सरकारने तो शिपाई-पहाऱ्यावर घातला. निर्बंध सैल करून काम अर्धेच झाले आहे. मोहाची आंबवण, शुद्धता आणि प्रतवारी यांचा अभ्यास कृषी विद्यापीठांनी हाती घ्यावा आणि त्याचा पहिला लाभ फुले वेचणाऱ्यांच्या हाती पडावा.