नव्या औषधाचें मोल

औषधाची गोळी बनविण्यास काय खर्च येतो आणि ती गोळी खरोखर औषध आहे हें ठरविण्यास काय खर्च येतो, हे दोन अगदीं निराळे प्रश्न आहेत. औषधाच्या दुकानांतून बाहेर पडतांना पावती पाहून कपाळास आठ्या घालणारा मनुष्य बहुधा ह्या दोहोंची गल्लत करतो. त्याला आम्ही दोष देत नाहीं. कारण ज्यांनीं ही फोड करून सांगावयाची ते कारखानदार व त्यांचे टीकाकार हे दोघेही ती क्वचितच करतात. अमेरिकेंतील टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या हिशेबाप्रमाणें एक नवें औषध बाजारांत येईपर्यंत सुमारें २६० कोटी डॉलर खर्च होतात. २०२० सालीं दुसऱ्या कांहीं संशोधकांनीं कंपन्यांच्या जाहीर जमाखर्चावरून मध्यम आकडा सुमारें ९८ कोटी डॉलर काढला. दोन हिशेबांत तफावत मोठी असली तरी लहान म्हणावा असा आकडा त्यांत एकही नाहीं. हा पैसा जातो कोठें? वैद्यकाच्या प्रांतांत इतिहासाच्या प्राध्यापकानें शिरणें कित्येकांस अव्यापारेषु व्यापार वाटेल. पण आमच्या मतें ह्या प्रश्नाचें उत्तर प्रयोगशाळेपेक्षां इतिहासांतच अधिक स्पष्ट दिसतें, आणि त्यासाठीं आम्हां नगरकरांस मुंबईपलीकडे फारसें जावेंही लागत नाहीं.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग उघडकीस आला. त्याच वर्षीं पर्जन्यानें दगा दिल्यामुळें नगरसह दख्खनचे कित्येक जिल्हे दुष्काळाच्या तोंडीं सांपडले होते, आणि मुंबईहून जीव घेऊन पळालेले लोक आपापल्या गांवीं परततांना ही नवी आपत्तिही बरोबर नेत होते. सरकारनें वाल्डेमार हाफकीन यांस मुंबईस धाडलें. ओडेसा येथें जन्मलेले व पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत तयार झालेले हे शास्त्रज्ञ पटकीची लस घेऊन १८९३ सालींच हिंदुस्थानांत आले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांस एक लहानशी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढी सामग्री मिळाली. मांसाच्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांच्या आधारानें त्यांनीं प्लेगचे जंतु वाढविले, उष्णतेनें ते मारले, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. काम हातीं घेतल्यापासून अवघे तीन महिने लोटले होते!

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. तेथील कैद्यांपैकीं स्वेच्छेनें पुढें आलेल्या सुमारें निम्म्यांस लस टोंचण्यांत आली. न टोंचलेल्यांपैकीं १२ जणांस प्लेग झाला व ६ दगावले. टोंचलेल्यांपैकीं दोघे आजारी पडले, मेला एकही नाहीं. तुरुंगांतील मनुष्याची 'स्वेच्छा' ती किती स्वतंत्र, हा प्रश्न तेव्हां कोणास फारसा पडला नाहीं. पुढच्या वर्षीं बडोदें संस्थानांतील उंढेरा गांवीं याहून कडक परीक्षा झाली. एकेका कुटुंबांतील निम्मीं माणसें टोंचावयाचीं व निम्मीं तशींच ठेवावयाचीं, अशी ती योजना होती. ज्या घरांत प्लेग शिरला त्या घरांतील न टोंचलेल्या माणसांपैकीं २७ जणांस तो झाला व त्यांतील २६ मेलीं. टोंचलेल्यांपैकीं ८ जणांस झाला व ३ मेलीं. शास्त्राच्या दृष्टीनें याहून स्वच्छ पुरावा मागणें कठीण. परंतु वाचकांनीं क्षणभर त्या घरांत शिरून पाहावें. एकाच चुलीवर जेवणारीं हीं माणसें. त्यांतील एकास लस आहे आणि दुसऱ्यास नाहीं, तीही कोणाच्या कांहीं अपराधामुळें नव्हे, तर तुलना करतां यावी म्हणून.

पैशाच्या हिशेबानें पाहतां ही लस जवळजवळ फुकट निघाली असें म्हणावें लागेल. पण खर्च झाला नाहीं असें नाहीं. तो सरकारच्या वहींत मांडला गेला नाहीं, एवढेंच. औषध गुणकारी आहे किंवा नाहीं आणि तें निर्धोक आहे किंवा नाहीं, ह्या दोन गोष्टींची खात्री करून घेण्याचें मोल कोणास तरी द्यावेंच लागतें. तें १८९७ सालीं कैद्यांनीं व खेडुतांनीं दिलें, आणि हाफकीन यांनींही स्वतःच्या दंडांत सुई टोंचून घेऊन दिलें. आज तें पैशांत द्यावें लागतें.

हा पालट कसा झाला तें याच लसीच्या पुढील हकीकतींत दिसतें. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं १०७ लोकांस लस टोंचली. त्यांपैकीं एकाच कुपींतून ज्या १९ जणांस ती मिळाली ते सर्व धनुर्वातानें मेले. लस लौकर व पुष्कळ तयार व्हावी म्हणून हाफकीन यांनीं तयार करण्याच्या रीतींत कांहीं बदल केला होता व कार्बोलिक अॅसिड घालणें सोडलें होतें. चौकशी करणाऱ्यांनीं दोष परळच्या प्रयोगशाळेच्या माथीं मारला आणि हाफकीन यांचें काम त्यांच्या हातून गेलें. कुपी उघडतांना तेथील मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट शुद्ध न करतां वापरण्यांत आला, ही गोष्ट पुराव्यांत होती. पण तिला वजन येण्यास रोनाल्ड रॉसप्रभृति शास्त्रज्ञांस १९०७ सालीं लंडनच्या 'टाइम्स'मध्यें जाहीर पत्र लिहावें लागलें. त्या वर्षाच्या अखेरीस हाफकीन निर्दोष ठरले. परळच्या संस्थेस त्यांचें नांव मिळालें तें १९२५ सालीं. एका चिमट्यापायीं एका थोर पुरुषाच्या आयुष्याचीं पांच वर्षें वायां गेलीं, याची हळहळ आम्हांस वाटते. तथापि कुपीकुपीची तपासणी, प्रत्येक घाण्याची नोंद आणि नोंद ठेवणाऱ्यावर दुसरा देखरेख करणारा, असा जो पसारा आज औषधाच्या कारखान्यांत दिसतो तो असल्याच अपघातांच्या पोटीं जन्मला.

कायदेही याच वाटेनें आले. १९३७ सालीं अमेरिकेंत सल्फानिलामाइड हें औषध पातळ करून विकण्यासाठीं एका कंपनीनें डायएथिलीन ग्लायकॉल नांवाच्या गोडसर द्रवांत विरघळविलें. तो द्रव विषारी होता. शंभरांहून अधिक माणसें मेलीं आणि त्यांत मुलें पुष्कळ होतीं. विक्रीपूर्वीं औषध निर्धोक असल्याचें सिद्ध करण्याचें बंधन तोंवर नव्हतें. तें १९३८ सालीं आलें. पुढें थॅलिडोमाइडनें हजारों अर्भकें व्यंग घेऊन जन्मलीं, तेव्हां १९६२ सालीं, औषध गुणकारी असल्याचेंही सिद्ध केलें पाहिजे, असा दुसरा नियम झाला. आपल्याकडे औषधांचा कायदा १९४० सालचा आहे; पण कायदा असणें आणि तपासणी होणें ह्यांत अंतर असतें. १९८६ सालीं जे. जे. रुग्णालयांत, म्हणजे ज्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत हाफकीन यांनीं लस केली त्याच्याच आवारांत, भेसळीचें ग्लिसरीन पोटांत जाऊन १४ रुग्ण दगावले. त्यांतील विष तेंच, डायएथिलीन ग्लायकॉल! न्यायमूर्ति लेंटिन यांच्या चौकशीनें त्या व्यवहाराचीं लक्तरें वेशीवर टांगलीं. जेथें तपासणीचा खर्च वांचविला जातो तेथें तो असा वसूल होतो.

आतां २६० कोटींचा अर्थ लागूं लागतो. प्रयोगशाळेंत निपजलेलें द्रव्य आधीं प्राण्यांवर, मग थोड्या निरोगी माणसांवर, मग शेंकडों व शेवटीं हजारों रुग्णांवर पारखावयाचें; त्यांत दहाबारा वर्षें सहज जातात. माणसांवरील परीक्षेपर्यंत पोंचलेल्या द्रव्यांपैकीं आठांत एखादेंच विक्रीची परवानगी मिळवितें. उरलेल्या सातांचा खर्च त्या एकाच्या माथीं बसतो. फायझर कंपनीचें टॉर्सेट्रापिब हें द्रव्य २००६ च्या डिसेंबरांत टाकून द्यावें लागलें; १५,००० रुग्णांवर परीक्षा चालू असतां औषध घेणारे ८२ व न घेणारे ५१ मेले असें दिसून आलें. सुमारें ८० कोटी डॉलर पाण्यांत गेले. परंतु ते पाण्यांत गेले म्हणूनच पुढील लाखों माणसें वांचलीं, हेंही खरें. याखेरीज टफ्ट्सच्या हिशेबांतील जवळजवळ निम्मा भाग प्रत्यक्ष खर्चाचा नसून, इतकीं वर्षें अडकून पडलेल्या भांडवलावरील व्याजाचा आहे. आमच्याकडील कोणाही सावकारास ही रीत शिकवावी लागणार नाहीं.

उलट बाजू पाहा. १९७० च्या पेटंट कायद्यानें औषधी द्रव्यावर मक्ता देण्याचें हिंदुस्थानानें बंद केलें व दुसऱ्यानें पारखलेलें औषध स्वतःच्या रीतीनें बनविण्याची मोकळीक येथील कारखान्यांस मिळाली. नगरहून दौंडमार्गें जातांना कुरकुंभास जे औषधी द्रव्यांचे कारखाने लागतात, तसल्या कारखान्यांची भरभराट ह्याच धोरणानें झाली. २००१ सालीं मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या युसुफ हमीद यांनीं एड्सवरील तीन औषधांचा वर्षाचा पुरवठा ३५० डॉलरांस देऊं केला. पाश्चात्त्य कंपन्यांचा दर तेव्हां १०,००० डॉलरांच्या वर होता. बनविणें किती स्वस्त आणि जाणणें किती महाग, याचें याहून ढळढळीत उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. २००५ पासून औषधांवरील मक्ता पुन्हां लागू झाला आहे.

मात्र खात्री महाग पडते एवढ्यावरून कंपनी मागेल तो दर न्याय्य ठरत नाहीं. सरकारच्या व विद्यापीठांच्या पैशानें झालेलें मूळ संशोधन ह्या हिशेबांत फारसें दिसत नाहीं, आणि कंपन्या आपल्या वह्या लोकांपुढें उघडीत नाहींत. पुण्याच्या सीरम संस्थेनें आफ्रिकेंतील मेंदुज्वरावरची लस तयार केली तिची कथा येथें सांगण्याजोगी आहे. बड्या कंपन्यांस त्या गरीब देशांत नफा दिसेना. तेव्हां २००१ सालीं, गेट्स प्रतिष्ठानाच्या सुमारें ७ कोटी डॉलरांच्या देणगीनें, किंमत आधीं ठरवून मग काम सुरू झालें. रीत अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेनें दिली, आणि २०१० च्या डिसेंबरांत बुर्किना फासो देशांत अर्ध्या डॉलरहून कमी दरानें ती लस टोंचली जाऊं लागली. परीक्षा तिच्याही झाल्या, आणि पुऱ्या झाल्या. फक्त त्यांचा खर्च रुग्णाच्या पावतीवर चढविला नाहीं.

दुसरी कथा महाडची. तांबडा विंचू कोंकणांत तसाच देशावरही आढळतो. त्याच्या विषानें रक्तदाब भडकून हृदय थकतें आणि फुप्फुसांत पाणी होतें. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं १९७६ पासून असे रुग्ण खाटेशीं बसून पाहिले, विषाची क्रिया ओळखली, आणि रक्तदाबावरील प्राझोसिन हें औषध त्यांस देऊन पाहिलें. पूर्वीं अशा गंभीर रुग्णांपैकीं शेंकडा तीसपर्यंत दगावत. आतां शेंकडा एकदोन. पुढें प्रतिविषाची जोड दिल्यास गुण लौकर येतो काय, हेंही त्यांनीं ७० रुग्णांवर पारखून २०११ सालीं प्रसिद्ध केलें. एवढें मोठें काम एवढ्या थोड्या पैशांत झालें त्याचें कारण, प्राझोसिन निर्धोक असल्याची खात्री करण्याचा खर्च रक्तदाबाच्या श्रीमंत बाजारपेठेनें आधींच भरला होता. दगडी बांधांत हात घालणाऱ्या मजुराच्या वांट्यास आलें तें असें, दुसऱ्यासाठीं पारखलेलें औषध. आणि तेंही महाडच्या एका डॉक्टरानें रात्री जागविल्या म्हणून.