रजोनिवृत्तीवरील संप्रेरके आणि त्यांचे उपद्रव

पाळी कायमची थांबण्याआधीची काही वर्षे अंडाशयांचे काम लहरी होते. एका महिन्यात इस्ट्रोजेन भरपूर तयार होते, पुढच्या महिन्यात अगदीच कमी. बीज सुटले नाही की प्रोजेस्टेरॉनही बनत नाही. पाळी कधी तीन आठवड्यांत येते, कधी तीन महिने येत नाही आणि आली की अंगावर इतके जाते की बाई गळून जाते. भारतीय स्त्रियांत रजोनिवृत्तीचे सरासरी वय ४६ च्या आसपास आहे, पाश्चात्त्य देशांत ते ५१ आहे. म्हणजे इकडे हा संधिकाळ चाळिशी लागते न लागते तोच सुरू होतो. सुश्रुतसंहितेने पाळीचा काळ १२ ते ५० असा सांगितला आहे आणि तिचे थांबणे वार्धक्याच्या ओघातच धरले आहे. त्रास झालाच तर वैद्य शतावरी किंवा अशोकारिष्ट देत. घरोघरी 'उष्णता वाढली' एवढे निदान पुरे असे आणि त्यावर सब्जा, गुलकंद, धने-जिऱ्याचे पाणी चाले. कोकणपट्टीच्या दमट उकाड्यात मानेपासून चढणारी गरम वाफ वेगळी ओळखू येणेही अवघडच होते.

कमी पडलेला स्राव बाहेरून भरून काढण्याचे प्रयोग युरोपात १८९० च्या दशकात सुरू झाले. जनावरांच्या अंडाशयांची पूड आणि अर्क तेव्हा दिले जात. त्यात नेमके काय आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. १९२९ मध्ये अमेरिकेत डॉयझी आणि जर्मनीत बुटेनांट यांनी स्वतंत्रपणे इस्ट्रोन हे संप्रेरक शुद्ध रूपात वेगळे केले. पुढचा प्रश्न कच्च्या मालाचा होता. तो गाभण घोडींच्या मूत्राने सुटला. त्यापासून केलेली प्रेमारिन ही गोळी १९४१ मध्ये कॅनडात आणि १९४२ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. मळमळ, स्तन दुखणे, डोकेदुखी, अंगावर सूज हे तिचे उपद्रव पहिल्यापासून माहीत होते. पण गरम वाफा थांबत, झोप लागे, त्यामुळे हे सारे किरकोळ ठरले.

१९६६ मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर रॉबर्ट विल्सन यांचे 'फेमिनिन फॉरएव्हर' हे पुस्तक निघाले. रजोनिवृत्ती हा संप्रेरकांच्या अभावाचा आजार आहे आणि गोळी आयुष्यभर घ्यावी, असा त्यांचा दावा होता. औषधाची जाहिरात पुस्तकाच्या वेशात आली तर ती किती खपते, याचा हा नमुना म्हणावा लागेल. नऊ वर्षांतच, १९७५ मध्ये, नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कित्येक पटींनी वाढतो असे दाखवणारे दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. कारण साधे होते. इस्ट्रोजेनने अस्तर जाड होत जाते, ते झडायला प्रोजेस्टेरॉन लागते आणि तेच दिले जात नव्हते. तेव्हापासून गर्भाशय शाबूत असलेल्या स्त्रीला दोन्ही संप्रेरके देण्याचा नियम झाला. अस्तराचा धोका आटोक्यात आला. पण प्रोजेस्टेरॉनसारख्या कृत्रिम संयुगांनी पोट फुगणे, चिडचिड, उदासी आणि अवेळी रक्तस्राव हे नवे त्रास आणले.

असेच एक संयुग मराठी घरांत मात्र वेगळ्याच कामासाठी शिरले. नॉरएथिस्टेरॉन हे १९५१ मध्ये मेक्सिकोत सिंटेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. महाराष्ट्रात त्याची ओळख पाळी पुढे ढकलण्याची गोळी अशी आहे. गौरी-गणपती, घरचे लग्न, सत्यनारायण, देवदर्शनाची सहल यांपैकी काही आले की तारखेच्या तीन दिवस आधीपासून दिवसाला तीन गोळ्या सुरू होतात. त्या औषधाच्या दुकानातून सर्रास चिठ्ठीशिवाय येतात आणि त्यांचे दुष्परिणाम कोणी विचारत नाही. तीच बाई पंचेचाळिशीत डॉक्टरांनी संप्रेरकांची गोळी लिहून दिली की बिचकते. दोन दिवस मळमळले की 'गोळ्या उष्ण पडल्या' म्हणून पाकीट कपाटात जाते. शुभकार्यासाठी जे चालते ते स्वतःच्या झोपेसाठी चालत नाही, हे गणित औषधशास्त्रात बसणारे नाही.

संप्रेरकांच्या संशोधनात मुंबई मागे नव्हती. गर्भनिरोधकांच्या चाचणीसाठी १९५० च्या दशकात परळला सुरू झालेल्या छोट्या केंद्रातून पुढे प्रजनन आरोग्याची राष्ट्रीय संशोधन संस्था उभी राहिली. पण त्या काळात सरकारला चिंता होती ती लोकसंख्येची. मूल होऊ न देण्यावर जेवढे काम झाले, त्या मानाने मूल होण्याचे वय सरलेल्या स्त्रीवर फारच थोडे झाले. इंडियन मेनोपॉज सोसायटी स्थापन व्हायला १९९५ उजाडले.

विषय जरा रुळतो आहे तोच अमेरिकेतून धक्का आला. जुलै २००२ मध्ये 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या पाहणीतला १६,६०८ स्त्रियांवरचा दोन्ही संप्रेरकांच्या जोडगोळीचा प्रयोग मुदतीआधी थांबवण्यात आला. स्तनांच्या कर्करोगात २६ टक्के वाढ हा आकडा जगभरच्या मथळ्यांत झळकला. प्रत्यक्षात ती वर्षाला दर १०,००० स्त्रियांमागे ८ जादा रुग्ण इतकी होती. पक्षाघाताचे आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी जाण्याचे प्रमाणही प्रत्येकी ८ ने वाढले होते, तर खुब्याचे अस्थिभंग ५ ने घटले होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. त्यांच्यावरून ४६ वर्षांच्या, अजून पाळी चालू असलेल्या बाईबद्दल निष्कर्ष काढले गेले. डॉक्टरांनी लिहून देणे आणि स्त्रियांनी घेणे, दोन्ही झपाट्याने घटले.

त्यानंतरची वीस वर्षे उपद्रव टाळून उपचार कसा द्यायचा याच्या शोधात गेली, आणि या इतिहासाचा सर्वांत उपयोगी भाग तोच आहे. पोटात घेतलेले इस्ट्रोजेन आधी यकृतात जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवते. त्वचेवाटे दिले तर हा वळसा टळतो. २००३ मध्ये फ्रान्समधल्या एका अभ्यासात गोळी घेणाऱ्यांत गुठळ्यांचा धोका वाढलेला दिसला, चिकटपट्टी किंवा जेल वापरणाऱ्यांत दिसला नाही. रक्तातली पातळी एकसारखी राहत असल्याने मळमळ आणि अर्धशिशीही कमी होते. स्तन ताठरले, दुखू लागले तर इस्ट्रोजेनची मात्रा उतरवतात. मन उदास होत असेल तर कृत्रिम संयुगाऐवजी शरीरातल्यासारखेच सूक्ष्मकणी प्रोजेस्टेरॉन देतात. त्याने गुंगी येते, म्हणून ते रात्री झोपताना घ्यायचे. पाळी पुरती थांबलेली नसेल तर प्रोजेस्टेरॉन रोज न देता महिन्यातले १२ ते १४ दिवस देतात, म्हणजे रक्तस्राव ठरल्या वेळी होतो. पहिले तीन महिने मध्येच डाग पडणे अपेक्षितच असते. सहा महिन्यांनंतरही ते थांबले नाही, किंवा थांबून पुन्हा सुरू झाले, तर सोनोग्राफीने अस्तराची जाडी पाहावी लागते. कारण न कळलेला रक्तस्राव, स्तनांचा कर्करोग, पूर्वी झालेली गुठळी किंवा यकृताचा चालू आजार असेल तर हा उपचार सुरूच करत नाहीत. या गोळ्या गर्भनिरोधक नाहीत, हे परदेशी पुस्तिका ठळकपणे सांगतात. महाराष्ट्रात निम्म्याच्या आसपास विवाहितांचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेले असते, त्यामुळे इथे तो प्रश्न अनेकींपुरता आधीच मिटलेला असतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवर २००२ नंतर लावलेले चौकटीतले इशारे काढण्याचा निर्णय जाहीर केला. नुसत्या इस्ट्रोजेनच्या पोटात घ्यायच्या गोळ्यांवर आणि पट्ट्यांवर अस्तराच्या कर्करोगाचा इशारा मात्र कायम ठेवला.

गर्भाशय नसलेल्या स्त्रीला हा शेवटचा धोका नसतो. तिला प्रोजेस्टेरॉन लागत नाही, त्याचे उपद्रवही सोसावे लागत नाहीत. अमेरिकी पाहणीच्या नुसत्या इस्ट्रोजेनच्या गटात, म्हणजे पिशवी काढलेल्या १०,७३९ स्त्रियांत, स्तनांचा कर्करोग वाढला नव्हता. पक्षाघाताचा धोका मात्र वाढला होता. सर्वांत सुटसुटीत उपचार ज्यांना देता येतो अशा या स्त्रिया महाराष्ट्रात किती आहेत, हे २०१९ मध्ये बीडमुळे चव्हाट्यावर आले. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला, म्हणजे एका कोयत्याला, मुकादम उचल देतो आणि खाडा पडला की दंड कापतो. पाळीचे दिवस आणि अंगावर जाणे परवडत नाही, म्हणून ऐन तिशी-पस्तिशीत पिशवी काढून घेतलेल्या बायका गावोगाव निघाल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या काळात सुमारे ८२ हजार कामगार स्त्रियांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून अधिक जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. अंडाशयेही काढली असतील तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते. ठेवली तरी ती काही वर्षे अलीकडे सरकते. हाडे ठिसूळ होण्याची सुरुवात तेवढीच लवकर होते. शस्त्रक्रियेला कर्ज काढले गेले, त्यानंतरच्या संप्रेरकांचे नाव सहसा कोणी काढले नाही.

मुंबईच्या वेशीवरच्या वसई तालुक्यातही पश्चिमेची शहरे आणि पूर्वेची डोंगराकडची गावे यांत उपचार मिळण्याच्या बाबतीत मोठे अंतर आहे. कामण हे वसई–दिवा लोहमार्गावरचे, तुंगारेश्वरच्या डोंगररांगेजवळचे गाव. अशा गावांतल्या आशा कार्यकर्तीच्या नोंदवह्या प्रामुख्याने गरोदर माता, बाळ आणि १५ ते ४९ वयाची पात्र जोडपी यांच्या. त्या वयाबाहेर गेलेली बाई त्या वहीतूनही जाते. मात्र असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ३० वर्षांवरील सर्वांचा रक्तदाब आणि साखर, तसेच स्त्रियांच्या स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी गावपातळीपासून सुरू झाली आहे. संप्रेरके सुरू करण्याआधी लागणारी निम्मी माहिती त्यातच मिळते. अडते ते पुढे. सोनोग्राफी, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि तीन महिन्यांनी मात्रा बदलण्यासाठीची दुसरी फेरी, या सगळ्यासाठी वसई गाठावी लागते. या मार्गावर लोकल नाही, दिवसाकाठी मोजक्या मेमू धावतात, आणि रोजावर जाणाऱ्या बाईचा अशा प्रत्येक फेरीला एक रोज बुडतो.