वाडा नव्हे, घर

जुनं घर जतन केलेलं दिसलं, की घाटावरच्या माणसाच्या तोंडी ‘वाडा’ हा शब्द आपसूक येतो. रत्नागिरीच्या टिळक आळीत लोकमान्यांचा जन्म झाला, त्या कौलारू घरालाही ‘टिळकांचा वाडा’ म्हणणारे भेटतात. कोकणातल्या जुन्या माणसाला मात्र हे ऐकून हसू येईल. त्याच्या लेखी वाड्यात गुरं बांधतात.

दोन्ही अर्थ खरेच आहेत. संस्कृतात ‘वाट’ म्हणजे कुंपणाने घेरलेली जागा. यज्ञासाठी आखलेलं आवार ते ‘यज्ञवाट’. ‘ट’चा ‘ड’ झाला आणि शब्द मराठीत स्थिरावला, पण त्याचं लक्ष कुंपणावरच राहिलं. आत कोण राहतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कुंभार राहिले तर कुंभारवाडा, गुरं राहिली तर गुरांचा वाडा, पेशवे राहिले तर शनिवारवाडा. धाकटी ‘वाडी’ कोकणात माणसांचीही असते आणि नारळी-पोफळींचीही. याला कोशाचीही साक्ष आहे. टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६चा. पुढच्याच वर्षी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यात राजवाडा आणि गुरांचा वाडा एकाच नोंदीखाली नांदतात. वाडे बांधणाऱ्या सरदारांनी ही नोंद वाचली नसावी!

तेव्हा टिळकांचं ते घर. ‘गृह’मधला ‘ह’ पुढे सरकून ‘ग’ला चिकटला आणि प्राकृतातच ‘घर’ तयार झालं. याचं लक्ष आतल्यावर. म्हणून चष्म्याला घर असतं, सोंगटीला घर असतं. चष्म्याचा वाडा कुणी म्हणत नाही.

घराच्या आत शिरलं की आणखी एक गंमत दिसते. जुन्या घरातल्या बऱ्याच जागांची नावं ती जागा कुठे आहे एवढंच सांगतात. ‘माजघर’ म्हणजे मध्यगृह, मधलं घर. ‘मागीलदार’ म्हणजे नुसतं दार नव्हे, दारामागचा सगळा कारभार. तिथे बसायचं, जेवायचं की झोपायचं, हे वेळ ठरवणार. कामावरून नाव मिळालं ते काही जागांना: उदाहरणार्थ स्वयंपाकघर, ‘स्नान’वरून आलेली न्हाणी आणि बाळंतिणीची खोली. ‘बेडरूम’ हा शब्द आपण उसना घेतला तो काही केवळ इंग्रजीच्या हौसेने नव्हे. झोपेसाठी वेगळी खोली राखायची चालच सामान्य घरात नव्हती.

आता छपराकडे. मंगळुरात बासेल मिशनचा कौलांचा कारखाना निघाला १८६५मध्ये, म्हणजे टिळकांचं घर उभं राहिलं तेव्हा मंगलोरी कौलं जन्मायची होती. त्याआधीची ती कुंभाराच्या हातची, नळीची. ‘कौल’ आलं ‘कपाल’वरून, म्हणजे खापरीवरून. आपलं कपाळही त्याच शब्दाचं. कोकणात देवाला लावतात तो ‘कौल’ मात्र अरबी. तिकडे त्याचा अर्थ शब्द, वचन. उच्चारात दोन्ही तंतोतंत सारखे, फरक तेवढा लिंगाचा. देवाने दिला तर तो कौल, माकडांनी फोडलं तर ते कौल.