रामानुजन नेमके कशाने गेले?

श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण तमिळनाडूतील कुंभकोणमला गेले. १९१९ मध्ये इंग्लंडहून आजारी होऊन परतल्यावर काही काळ ते तेथेच राहिले. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासमध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. कारण सांगितले गेले क्षयरोगाचे.

१९९४ मध्ये डॉ. डी. ए. बी. यंग यांनी जुन्या नोंदी तपासून वेगळा निष्कर्ष मांडला : यकृताचा अमीबाजन्य विकार. इंग्लंडला जाण्यापूर्वी झालेल्या आमांशाचे ते उशिराचे परिणाम असावेत. निदान वेळेत झाले असते, तर त्या काळच्या औषधांनीही हा आजार आटोक्यात येऊ शकला असता.

आज वापरातील आयसीडी-१० या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात क्षयरोगाचे संकेतांक 'ए१५' ते 'ए१९' आहेत; यकृतातील अमीबाजन्य गळवाचा 'ए०६.४'. पहिली नोंद क्षयरोग नियंत्रणाकडे बोट दाखवते, दुसरी दूषित पाणी आणि अस्वच्छतेकडे. अशा हजारो नोंदी चुकल्या, तर देशाचा पैसा आणि लक्ष भलत्याच ठिकाणी वळते.

हे वर्गीकरण मुळात मृत्यूंच्या मोजणीसाठी जन्मले. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियों यांनी १८९३ मध्ये शिकागो येथे मृत्युकारणांची यादी मांडली. १९०० मध्ये पॅरिसला तिची पहिली आंतरराष्ट्रीय सुधारणा झाली. तिसरी झाली ती रामानुजन गेले त्याच वर्षी. १९४८ च्या सहाव्या सुधारणेपासून जबाबदारी जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. मृत्यूंबरोबर आजारांचीही नोंद सुरू झाली आणि मृत्यूचे 'मूळ कारण' मोजण्याचा नियम ठरला.

भारतात १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली डॉक्टर मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र भरतात. त्यात तात्कालिक कारणापासून मागे जात मूळ कारण लिहायचे असते. 'हृदय बंद पडले' एवढे पुरत नाही. ते तर प्रत्येकाचेच बंद पडते.

२०२० मध्ये देशातील नोंदणीकृत मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्क्यांचे कारण असे प्रमाणित झाले होते. आयसीडी-११ ही नवी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून जागतिक पातळीवर लागू झाली आहे. पण संकेतांक कितीही अचूक असोत, ते बसवायचे कशाला? डॉक्टरने लिहिलेल्या त्या एका ओळीला. रामानुजनांच्या आजाराचा फेरविचार व्हायला ७४ वर्षे लागली. सामान्य माणसाच्या कागदाकडे पुन्हा कोणी वळत नाही.