पुढच्या भागाचे वाचक : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

संग्रामपुरात राहून अंतराळातल्या आरमारांविषयी काही लिहितोय म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, ‘ते इथं वाचतं कोण?’ प्रश्न रास्त आहे. या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्या अभ्यासकानं तोच प्रश्न सोबत घेऊन यावं, असं मला मनापासून वाटतं. सातपुड्याच्या पायथ्याचा हा तालुका. वर अंबाबरव्याचं जंगल आणि त्यापलीकडे मध्य प्रदेश, खाली कपाशीचं आणि सोयाबीनचं शिवार. आगगाडी पकडायची तर शेगाव गाठावं लागतं. पुस्तक इथं बहुधा कुणाच्या तरी पिशवीतूनच आलं. कधी स्टेशनवरच्या स्टॉलवरून, कधी खामगावला शिकणाऱ्या भावाकडून, कधी सुट्टीवर आलेल्या फौजीच्या ट्रंकेतून. आलं की ते एकाचं राहत नसे. त्यामुळे एका प्रतीचे वाचक किती, हे प्रकाशकाच्या हिशेबावरून कधीच कळणार नाही.

लष्करी विज्ञानकथेची दीर्घ मालिका म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. एक नायक किंवा नायिका, एक पलटण किंवा एक आरमार घेऊन लेखक वर्षानुवर्षं लिहीत राहतो. हुद्दे वाढतात, शस्त्रं बदलतात, जुने सोबती गळतात, शत्रू मित्र होतात. अशा मालिकेचं परीक्षण पहिल्या पुस्तकाचं होतं, फार तर दुसऱ्याचं. पंधराव्या भागापर्यंत समीक्षक उरलेला नसतो, उरतो तो वाचक. तिसऱ्या भागात डाव्या खांद्याला लागलेली गोळी बाराव्या भागात उजव्या खांद्याला कशी गेली, हे त्यालाच आठवतं, कधीकधी लेखकालाही आठवत नाही. मालिकेची स्मृती वाचकाकडे असते. ती नोंदवल्याशिवाय मालिकेवर केलेलं कुठलंही लेखन अपुरं आहे, एवढंच मला या प्रस्तावनेत सांगायचं आहे.

जगात या वाचकाला लवकर ओळख मिळाली. १८७१ मध्ये जॉर्ज चेस्नी या ब्रिटिश लष्करी अभियंत्यानं ‘द बॅटल ऑफ डॉर्किंग’ ही कथा लिहिली. इंग्लंडवर परकी सैन्य चालून येतं आणि इंग्लंड हरतं, असं भविष्यातलं युद्ध तिच्यात होतं. चेस्नी १८५७ च्या दिल्लीच्या वेढ्यात जखमी झालेले, त्यामुळे पराभव कसा दिसतो याची त्यांना कल्पना असावी. वाचक इतके हादरले की पंतप्रधान ग्लॅडस्टन यांना या घबराटीविरुद्ध जाहीर भाषण करावं लागलं. पुढे १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी अमेरिकेत ‘अमेझिंग स्टोरीज’ काढलं आणि वाचकांची पत्रं पत्त्यासकट छापली. त्या पत्त्यांवरून वाचक एकमेकांना लिहू लागले आणि त्यातून विज्ञानकथेच्या चाहत्यांची मंडळं उभी राहिली.

मालिकेच्या बाबतीत सर्वांत बोलकं उदाहरण जर्मनीचं. ‘पेरी ऱ्होडन’ ही मालिका ८ सप्टेंबर १९६१ रोजी सुरू झाली. दर आठवड्याला एक पुस्तिका, आणि २०१९ मध्ये तिचा तीन हजारावा अंक निघाला. नायक मेजर. पहिल्या भागात तो चंद्रावर उतरतो आणि तिथं परग्रहवासीयांचं यान सापडतं. सुरुवातीच्या भागांवर लष्करशाहीचं कौतुक केल्याचा आरोप झाला, आणि तो जर्मनीत झाला हे लक्षात घ्यावं. ज्या देशानं नुकतंच एक महायुद्ध लादलं आणि हरलं, तिथल्या मुलांनी दर आठवड्याला कवायती फौजांच्या विजयकथा वाचाव्यात का, हा वाद क्षुल्लक नव्हता. सत्तरच्या दशकाच्या मध्याला कथानकाच्या आराखड्याची सूत्रं विल्यम व्होल्ट्झ यांच्याकडे आली. व्होल्ट्झ स्वतः चाहत्यांच्या मंडळांतून लेखक झालेले. त्यांच्या हाताखाली मालिकेतली तोफांची भाषा मागे पडली आणि विश्वाविषयीचं कुतूहल पुढे आलं. या वळणात वाचकांच्या नाराजीचा वाटा किती, हा आमच्या क्षेत्रातला अस्सल प्रश्न आहे. ज्याला जर्मन येतं अशा मराठी विद्यार्थ्यानं तो घ्यावा, त्याचं स्वागत आहे.

इंग्रजीत डेव्हिड वेबर यांची ऑनर हॅरिंग्टन मालिका १९९३ मध्ये ‘ऑन बॅसिलिस्क स्टेशन’पासून सुरू झाली. नायिका आरमारात अधिकारी, आणि तिच्यामागे सी. एस. फॉरेस्टर यांच्या होरेशियो हॉर्नब्लोअर या दर्यावर्दी नायकाची सावली आहे, आद्याक्षरांसकट. वेबर यांच्या वाचकांचे दोन तट पडतात. क्षेपणास्त्रांचा वेग, अंतर, मारा यांची पानंच्या पानं काहींना नको असतात, तर काही जण नेमकी तीच कागद-पेन्सिल घेऊन तपासतात. मला दुसऱ्या तटाविषयी जास्त आदर वाटतो. लेखकानं दिलेलं गणित खरं मानून ते सोडवायला बसणं, याइतका पुस्तकावरचा विश्वास दुसरा नाही. २००५ च्या ‘ॲट ऑल कॉस्ट्स’मध्ये नायिकेला मारायचं वेबर यांनी आधी ठरवलं होतं. सहलेखकाच्या कथांमुळे मालिकेचा कालक्रम बदलला आणि ती वाचली. मरण टळल्यानं मालिका बिघडली की तगली, यावर वाचकांत एकमत होण्याची शक्यता मला दिसत नाही.

आता घरी येऊ.

मराठीत युद्धमालिका आणि विज्ञानकथा या दोन्ही धारा एकेकाळी एकाच लेखणीत होत्या. नाथमाधव (१८८२–१९२८) शिकारीच्या वेळी सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले, कमरेखालचं शरीर लुळं पडलं आणि पुढचं आयुष्य त्यांनी लिहिण्याला दिलं. ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’, ‘स्वराज्याची स्थापना’ अशी शिवकालावरची कादंबऱ्यांची लांब माळ त्यांनी गुंफली. आरंभीच्या मराठी विज्ञानकथांमध्ये गणली जाणारी ‘श्रीनिवासराव’ ही कादंबरीही त्यांचीच. पुढे मात्र या धारा फुटल्या. विज्ञानकथा कथेच्या आकारात वाढली, कारण तिला जागा मिळाली ती स्पर्धेत, मासिकात आणि ‘नवल’, ‘धनंजय’सारख्या दिवाळी अंकांत. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावानं पाठवली आणि ती पहिली आली. तो आमच्या विज्ञानकथेचा मानाचा क्षण खराच, पण स्पर्धेतली कथा पंधरा-वीस पानांत संपते. तिला पुढचा भाग नसतो.

मालिका गेली खिशात मावणाऱ्या पुस्तकांकडे. बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार, काळापहाड, धनंजय यांना घेऊन हजाराहून अधिक पुस्तकं लिहिली. मूळचे गोव्याचे गुरुनाथ नाईक यांच्या नावावर बाराशेहून अधिक कादंबऱ्या सांगितल्या जातात. त्यांच्या गरुडकथांचा नायक कॅप्टन दीप, आणखी एका मालिकेचा मेजर भोसले. पासष्ट आणि एकाहत्तरची युद्धं रेडिओवर ऐकलेल्या वाचकाला हे फौजी हुद्दे नुसते नावापुढचे अलंकार वाटत नव्हते. नाईक २०२१ मध्ये गेले तेव्हा हळहळलेल्यांत असे कितीतरी जण होते, ज्यांनी त्यांच्यावर कधी एक ओळही लिहिली नव्हती. तेच आमचे वाचक.

म्हणजे विज्ञान एका कपाटात आणि मालिका दुसऱ्या कपाटात. त्यांना जोडणारी दीर्घ लष्करी विज्ञानमालिका मराठीत रुजली नाही, हे खरं. पण तालुक्याच्या वाचकानं ती जोडणी स्वतःच करून घेतली. कॅप्टन दीप आणि नारळीकर तो एकाच उन्हाळ्यात वाचत होता, आणि बरोबरीनं तिसरंही काही वाचत होता. या तिसऱ्या गोष्टीकडे मराठी अभ्यासकांचं लक्ष गेलं नाही याची मला खंत वाटते, म्हणून इथं जरा थांबतो.

बुलडाणा जिल्ह्यात उर्दू वाचणारी घरं पुष्कळ आहेत, आणि सीमेमुळे हिंदी तर रोजचीच. इब्ने सफी (१९२८–१९८०) यांची ‘जासूसी दुनिया’ १९५२ मध्ये अलाहाबादेहून सुरू झाली. तिचे नायक आधी इन्स्पेक्टर फरीदी आणि सार्जंट हमीद, पुढे कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद. १९५५ मध्ये कराचीहून इम्रान मालिका आली. या कथांमध्ये ‘झीरोलँड’ नावाची एक गूढ सत्ता आहे, तिच्याकडे उडणारी यानं आणि जगाला ठाऊक नसलेली शस्त्रं आहेत. आपण शोधतो आहोत त्या प्रकाराच्या सर्वांत जवळ जाणारी मालिका माझ्या मते हीच. हिंदी अनुवादात फरीदीचा विनोद झाला आणि इम्रानचा राजेश, हमीद मात्र हमीदच राहिला. एकाच गावात एकाला कर्नल फरीदी पाठ आणि दुसऱ्याला कर्नल विनोद. दोघं पारावर बसून वाद घालू लागले की आपण एकाच माणसाविषयी बोलतोय, हे कळायला त्यांना हमीदचा आधार घ्यावा लागे.

इब्ने सफींनी आणखी एक मोलाची गोष्ट केली. कादंबरीच्या आरंभी ‘पेशरस’ या नावानं ते थोडकं प्रास्ताविक लिहीत आणि त्यात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देत. मागचा भाग का फसला अशी तक्रार, विनोद कमी झाला अशी कुरकुर, पात्राला परत आणण्याची मागणी हे सगळं पुढच्या पुस्तकाच्या तोंडीच यायचं. आजारपणामुळे सुमारे तीन वर्षं त्यांचं लेखन बंद पडलं, तेव्हा नावात किंचित फेरफार केलेली नकली पुस्तकं बाजारात आली. वाचकांनी अस्सल-नक्कल वेगळी केली ती भाषेच्या कानावर. १९६३ मध्ये ‘डेढ मतवाले’ घेऊन ते परतले आणि भारतात त्या पुस्तकाचं प्रकाशन लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झालं. ‘पेशरस’ क्रमानं वाचून काढले तर तीन दशकांच्या वाचकमताचा इतिहास हाती येईल. मराठीत असं छापील दप्तर जवळपास नाही. आमची मतं बोलली गेली, किंवा समासात लिहिली गेली.

समासाचं एक उदाहरण माझ्या टेबलावरच आहे. लढाईवरची एक जुनी खिसेकादंबरी. मुखपृष्ठ गेलेलं, म्हणून नाव सांगता येत नाही. खाकी पुठ्ठा लावून दाभणानं शिवलेली, न्यूजप्रिंटचा कागद कडेनं तपकिरी पडलेला. एका प्रसंगात नायक कॅप्टन असून ब्रिगेडियरला फर्मावतो. तिथं शाईच्या पेनानं ‘ब्रिगेडियर’ खोडून वर ‘सुभेदार’ लिहिलं आहे, आणि त्या प्रकरणात पुढे जिथं जिथं तो शब्द येतो तिथं तिथं तीच दुरुस्ती आहे. आणखी काही पानांवर, नायकाची तुकडी तीन दिवस बर्फात चालते तिथं पेन्सिलीनं बारीक अक्षरात प्रश्न आहे : रसद? शेवटचा फर्मा गळाला होता. कुणीतरी वहीची रेघी पानं घेऊन शेवट हातानं उतरवून काढला आणि पुस्तकालाच शिवून टाकला. तीन वेगळी अक्षरं, म्हणजे निदान तीन वाचक. हुद्दा दुरुस्त करणारा फौजेत राहिलेला असावा असा माझा तर्क आहे. शेवट उतरवणाऱ्याविषयी काहीच तर्क करता येत नाही, फक्त आदर वाटतो.

हुद्दा, रसद आणि मरण या तीन गोष्टींवर लष्करी मालिकांच्या वाचकांची मतं सर्वांत धारदार असतात. पहिल्या दोन्हींत जाणकारी दिसते. तिसरी गोष्ट वेगळी. नायक मरत नाही हा मालिकेचा करारच असतो, आणि आमच्या जिल्ह्यात तो करार वाचणाऱ्याला बाहेरचं जग ठाऊक असतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामाच्या हल्ल्यात गेलेल्यांपैकी दोन जवान बुलडाणा जिल्ह्याचे होते, एक मलकापूरचा, एक लोणार तालुक्यातला. ज्या गावानं तिरंग्यातली शवपेटी पाहिली, तिथं ‘नायकाला मारू नका’ ही मागणी भाबडी म्हणून बाजूला सारता येत नाही. तसंच, ‘आता तरी कुणाला तरी मरू द्या, नाहीतर हे काही पटत नाही राजेहो’ असं म्हणणारा वाचकही निष्ठुर नसतो. अमेरिकेत रॉबर्ट हाइनलाइन यांची ‘स्टारशिप ट्रूपर्स’ (१९५९) आणि व्हिएतनाममध्ये जखमी झालेल्या जो हाल्डमन यांची ‘द फॉरएव्हर वॉर’ (१९७४) यांच्या वाचकांत हाच वाद गेली पन्नास वर्षं चालू आहे. संग्रामपूरचा वाचक त्या वादात बरोबरीनं बसू शकतो, कुणी त्याला खुर्ची दिली तर.

येणाऱ्या अभ्यासकाला दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. सार्वजनिक वाचनालयात गेलात तर पुस्तकांआधी देवघेवीच्या जुन्या वह्या मागा. खिसेकादंबऱ्या बऱ्याच ठिकाणी दाखल करूनच घेतल्या गेल्या नाहीत, आणि घेतल्या तिथं जीर्ण म्हणून निर्लेखनात गेल्या. वह्या मात्र कधीकधी माळ्यावर उरतात. त्यांवरून एक मालिका कोणत्या महिन्यात हातोहात फिरली, पेरणीत थांबली का, परीक्षांत वाढली का, हे दिसू शकतं. घरोघरी विचारताना बायकांना विसरू नका. पुस्तक नवऱ्याच्या नावावर निघे आणि दुपारी वाचलं जाई स्वयंपाकघरात. कॅप्टन दीपइतकीच त्याच्या कथांतली शेफाली कुणाला आठवते, ते तिथंच कळेल. आणि घाई करा. सत्तरच्या दशकात शाळेत असलेला वाचक आज साठीच्या पुढे आहे.

मुलाखतीत ‘कोणता भाग आवडला?’ असं विचारलंत तर ठरीव उत्तर मिळतं. ‘मालिका कुठे सोडलीत?’ असं विचारा. प्रत्येक जुन्या वाचकाला ती जागा ठाऊक असते, आणि ती का सुटली हे सांगताना तो खुलून बोलतो. कुणाला नोकरी लागली, कुणाला नायक खोटा वाटू लागला, कुणाच्या घरात दूरदर्शन आलं, कुणाला पुढचा भाग मिळालाच नाही. ही चारही उत्तरं वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. चौथ्या रकान्यातल्या माणसाचा पत्ताही घेऊन ठेवा, म्हणजे तो भाग कुठे सापडला तर त्याच्यापर्यंत पोहोचवता येईल.